हात वर न करणारा वर्ग

डेल्बर्ट कुबेना मास्तर होणार ही बातमी मला शाळेत नाही, बेकरीत कळली. बेकरीवाली विल्मा जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, पिशवीत भरत होती आणि हसू दाबत होती. "चेलो, तुझ्या शेजारच्या वर्गात कोण येतंय, ऐकलंस का? लिलाववाला!"

"कुठला लिलाववाला?" मी विचारलं. जसं काही आमच्या सान लिनो गावात लिलाववाले पैशाला पासरी आहेत!

"अगं, आपला डेल्बर्ट. सातवीला गणित शिकवणार म्हणे."

मी म्हटलं, "शिकवणार की विकणार?" आणि पिशवी उचलून तडक शाळेत गेले. प्रिन्सिपल गार्सा आपल्या खोलीत टॅको खात बसले होते. माझा चेहरा बघून त्यांनी टॅको खाली ठेवला. "मिस ओरोझ्को, तुम्ही बोलायच्या आधीच सांगतो. हो, खरं आहे. आणि त्याच्या मार्गदर्शक तुम्ही आहात."

डेल्बर्टला मी लहानपणापासून ओळखते. याच शाळेत आम्ही एका वर्गात होतो. हा इतका बोलायचा की बाई त्याला वर्गाबाहेर काढून पाण्याच्या नळापाशी उभं करायच्या. तिथेही हा नळाशी बोलायचा. पुढे त्याने शेतकीची डिग्री घेतली, गावाबाहेरच्या गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायच्या उंच खुर्चीवर जाऊन बसला, आणि केस पिकेपर्यंत तिथून उठला नाही. दर गुरुवारी त्याचा आवाज भोंग्यातून आमच्या मैदानापर्यंत यायचा. श्वास न घेता माणूस इतकं कसं बोलू शकतो, हे मी मुलांना फुप्फुसाच्या धड्यात उदाहरण म्हणून सांगायचे.

मग बाजाराचा म्हातारा मालक गेला. त्याची मुलं ह्यूस्टनला असतात, त्यांनी जागा विकून टाकली. आता गुरं पडद्यावर बघून विकली जातात आणि त्या जागी लोकांचं जुनं फर्निचर ठेवायच्या पत्र्याच्या खोल्या उभ्या आहेत. डेल्बर्ट पेंडीच्या दुकानात पोती मोजायला लागला. इकडे आमच्या सातवीला गणिताचा शिक्षक टिकेना. दर आठवड्याला नवा बदली मास्तर यायचा, पोरं त्याला रडवायची, तो पळून जायचा. शेवटी चर्चच्या जेवणात गार्सांनी डेल्बर्टला गाठलं. "तुझ्याकडे डिग्री आहे ना रे?"

"आहे. भिंतीवर हरणाची शिंगं टांगलीत, त्यांच्या मागे."

तेवढं पुरलं. आमच्या टेक्ससमध्ये मास्तर व्हायला एक आडवाट आहे. कुठलीही डिग्री असू दे, विषयाची परीक्षा द्यायची, उन्हाळाभर कॉम्प्युटरसमोर बसून अभ्यासक्रम करायचा, आणि ऑगस्टमध्ये थेट वर्गात उभं राहायचं. वर्षभर शिकवायचं आणि शिकवता शिकवता शिकायचं. बाहेरून एक निरीक्षक येऊन बघून जातो. वर्षाच्या शेवटी निरीक्षक आणि प्रिन्सिपल दोघांनी हो म्हटलं तर पक्कं प्रमाणपत्र, नाहीतर आपलं पेंडीचं दुकान बरं. असल्या लोकांना आम्ही सरळ वाटेने आलेले शिक्षक 'मागच्या दारातले' म्हणतो. मी तर तोंडावर म्हणते. त्यातले निम्मे नाताळच्या आत त्याच दारातून परत जातात.

पहिल्या दिवशी डेल्बर्ट इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट आणि गाईच्या तोंडाएवढं पट्ट्याचं बक्कल लावून आला. आनंद नुसता ओसंडत होता. "चेलो, मी काल आरशासमोर हजेरी घेऊन बघितली! सगळे हजर होते!"

"आज बघ किती हजर आहेत ते," मी म्हटलं.

पहिला आठवडा वाईट गेला. तो फार भरभर बोलायचा आणि पोरं दगडासारखी बसायची. प्रश्न विचारला की एकही हात वर यायचा नाही. सातवीतल्या मुलाला हात वर कर म्हणणं म्हणजे भर चौकात नाच म्हणण्यासारखं आहे. बरोबर आलं तर शहाणा म्हणून टपली, चुकलं तर वर्षभर नवं टोपणनाव. मला हे माहीत होतं, म्हणून मी चिठ्ठ्या टाकून नावं काढते. त्याला नावं काढायची नव्हती.

"नाव पुकारलं की पोर कसं दचकतं बघितलंस?" तो माझ्या वर्गात येऊन बाकावर बसला. तो बाक सहावीच्या मापाचा, त्याचे गुडघे छातीला टेकलेले. "ती मागे खिडकीपाशी बसते ना, ओडालिस. तिला विचारलं तर ती पांढरीफटक पडली गं."

ओडालिस त्रेविन्योला मी आदल्या वर्षी विज्ञान शिकवलं होतं. भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा स्वेटर घालून बसणारी मुलगी. कागदावर लिहायची ते चोख लिहायची, नाहीतर कागद कोरा सोडायची. अडलं तर विचारणं हा प्रकारच नाही. वर्षभरात मी तिचा आवाज हजेरीपुरता ऐकला होता. मी डेल्बर्टला तसं सांगितलं.

तो बराच वेळ गुडघ्यांवर बोटं वाजवत बसला. मग एकदम उठला, बाक त्याच्याबरोबर उठला.

"चेलो! लिलावात हात कोण वर करतं, माहितीये?"

"खरेदी करणारा."

"चूक! शहरातून गंमत बघायला आलेला. नाहीतर पलीकडच्या मित्राला हाक मारणारा. खरं गिऱ्हाईक कधी हात वर करत नाही. कुणी टोपीच्या कडेला बोट लावतो. एक बाई होत्या, त्या पर्स बंद करायच्या. एक म्हातारा तर तोंडातली काडी चघळायचा थांबला की समजायचं, बोली लावली. शेजाऱ्याला कळता कामा नये ना, की आपलं मन कशावर आहे! प्रत्येकाची खूण वेगळी, आणि ती फक्त त्याला आणि मला ठाऊक."

हे खरं होतं. माझे वडील वर्षानुवर्षं तिथे शेळ्या घ्यायचे. मी उत्सुकतेने विचारलं, "माझ्या बाबांची काय खूण होती रे?"

"नाही सांगणार."

"अरे, ते जाऊन किती वर्षं झाली!"

"म्हणून काय झालं? खूण त्यांची होती." आणि बाकातून पाय सोडवून घेत तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने एकेका मुलाला वर्गाबाहेर बोलावलं. प्रत्येकाने दोन खुणा ठरवायच्या. एक 'मला येतंय' याची, दुसरी 'मला कळलं नाही' याची. कुणाला सांगायच्या नाहीत. सरही मेले तरी सांगणार नाहीत. हातात हात देऊन सौदा पक्का. एरवी ही पोरं कशालाही नाकं मुरडतात, पण गुपित म्हटल्यावर त्यांचे डोळे असे चमकले की विचारू नका.

आणि मग भिंतीपलीकडून तो आवाज सुरू झाला. मी पेशींचा धडा शिकवत होते. "उणे दोन, उणे दोन, उणे दोनच्या खाली कोण नेतो, कोण नेतो, आले! उणे पाच! उणे पाचात चार मिळवा, मिळवा, कोण मिळवतो, उणे एक कोण म्हणतो, हप्! आले!" माझी पोरं पेशी सोडून भिंतीकडे बघायला लागली. मी तणतणत गेले, दार उघडलं आणि तशीच उभी राहिले.

डेल्बर्ट टेबलामागे ताठ उभा, हातात लाकडी पट्टी, डोळे वर्गभर भिरभिरताहेत. एकही हात वर नाही. पण वर्ग नुसता सळसळत होता. कुणी कान खाजवतंय, कुणी पेन्सिल उलटी करतंय, कुणी बुटाची टाच उचलतंय. मला ओ का ठो कळत नव्हतं, त्याला सगळं दिसत होतं. "ब्रॅक्स्टन! उणे एक! एकवार, दोनवार, तीनवार, दिला!" पट्टी टेबलावर आपटली. ब्रॅक्स्टन नावाचा तो दांडगट मुलगा, ज्याने दोन बदली मास्तर पळवून लावले होते, तो लाजून लाल झाला.

मधेच तो थांबायचा. कुणी काही बोललेलं नसायचं, पण हा म्हणायचा, "थांबा, थांबा, माझीच काहीतरी गफलत झाली," आणि तीच पायरी पुन्हा सावकाश सांगायचा. सांगताना भलत्याच भिंतीकडे बघायचा. कुणासाठी थांबला ते कळू नये म्हणून! ते बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. मी मुकाट्याने दार लावलं. जाताना "आवाज कमी!" असं मात्र ओरडले, नाहीतर तो डोक्यावर बसला असता.

हिवाळ्यात निरीक्षक आल्या. मिसेस स्टोव्हॉल, निवृत्त प्रिन्सिपल. पांढरे केस, कडक कॉलर, आणि मांडीवर टॅब्लेट, त्यावर त्या सतत खुणा करत होत्या. मागच्या खुर्चीवर बसून त्यांनी पूर्ण तास बघितला. मग गार्सांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो.

"मिस्टर कुबेना," त्या म्हणाल्या, "आवाज उत्तम. उत्साह उत्तम. पण मुलं कुठे आहेत तुमच्या तासात? एकाही मुलाने हात वर केला नाही. एकाही! तुम्ही प्रश्न विचारता आणि मनाला येईल त्याचं नाव घेता. आणि मुलांचं लक्ष तरी असावं! सगळा वेळ नाक खाजवताहेत, बाह्या ओढताहेत."

मला वाटलं, आता हा सांगणार आणि यांचं तोंड बघण्यासारखं होणार. पण जिल्ह्यातला सगळ्यात बोलका माणूस मूग गिळून बसला. मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. त्याने पाय बाजूला घेतला आणि म्हणाला, "बरोबर आहे, मॅडम."

"वसंतात मी शेवटची येईन. मुलांचा सहभाग दिसला नाही, तर मी शिफारस करू शकणार नाही."

गार्सांनी खाली बघत मान हलवली. "त्यांनी नाही म्हटलं, तर मलाही हो म्हणता येणार नाही, डेल्बर्ट. दुसरं वर्ष मागायला मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

बाहेर गाड्यांपाशी मी त्याला फैलावर घेतलं. "तोंड शिवलं होतं का? दोन वाक्यांत सांगता आलं असतं!"

"मुलांना शब्द दिलाय."

"अरे, पण त्या काय वर्गात जाऊन दवंडी पिटणार आहेत?"

"त्या लिहिणार. लिहिलेलं ऑफिसात जाणार. मग पालकसभेत कुणीतरी म्हणणार, तुमची मुलगी अमुक करते ना, म्हणजे तिला गणित कळत नाही. त्या दिवशी माझा लिलाव बंद, चेलो. एकही पोर पुन्हा खूण करणार नाही."

"बरं, सांगू नकोस. त्या येतील त्या दिवशी पोरांना म्हण, आजच्या दिवस हात वर करा."

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याला गाय चोरायला सांगितली. "खोटी बोली? किंमत चढवायला माणसं पेरायची? तसलं करणाऱ्यांना मी कॉलर धरून बाजाराबाहेर काढलंय."

"मग जा पेंडीच्या दुकानात!" मी म्हटलं आणि गाडीचं दार आपटलं. घरी जाईपर्यंत मला रडू येत होतं, रागाने. या माणसाला शिकवायला येत होतं हो! चाचण्यांचे कागद मी स्वतः बघितले होते. ओडालिस आता कागद कोरा सोडत नव्हती. आणि हा आपला मिजाशीत शब्द पाळत बसला होता.

पोरांना अर्थातच सगळं कळलं. ब्रॅक्स्टनची मावशी शाळेच्या ऑफिसात बसते, आणि तिच्या पोटात काही राहत नाही. एप्रिलमध्ये मिसेस स्टोव्हॉल पुन्हा आल्या, तेव्हा वर्गात शिरताक्षणी मला वास आला की इथे काहीतरी शिजतंय. पोरं कधी नव्हे ती ताठ बसली होती. ब्रॅक्स्टनने चक्क भांग पाडला होता. मी मागे मिसेस स्टोव्हॉल यांच्या शेजारी बसले. डेल्बर्टने शर्टाला पुसून पट्टी हातात घेतली.

विषय होता उणे गुणिले उणे म्हणजे अधिक. सुरुवात जोरात झाली. उणे गुणिले अधिक, अधिक गुणिले उणे, आवाज चढत गेला, पोरं रंगात आली. मग त्याने फळ्यावर लिहिलं, उणे तीन गुणिले उणे दोन. "कोण सांगतो, कोण सांगतो, उणे तीन, उणे दोन, काय देता, काय देता?"

आणि सबंध वर्गाचे हात वर गेले!

एकदम, एका झटक्यात. बोटं छताला लावल्यासारखी. मी जवळजवळ टाळी वाजवणार होते. गुलामांनी आपसात ठरवून त्याच्यासाठी हा बेत केला होता! मी मिसेस स्टोव्हॉल यांच्याकडे बघितलं. त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या, बोट टॅब्लेटकडे निघालं होतं.

आणि डेल्बर्टला ते हात दिसलेच नाहीत.

देवाशपथ सांगते. त्याची नजर हातांखालून फिरत होती. कानांवर, बाह्यांवर, पेन्सिलींवर. इतकी वर्षं ज्याने हलणारे हात गंमत बघणाऱ्यांचे म्हणून सोडून दिले, त्याला आता ते दिसणार कुठून? "कुणीच नाही? अरे, झालं काय आज? उणे तीन, उणे दोन, कोण घेतो?" पोरं हात हलवायला लागली. पुढचा एक तर बाकावरून उठून हलवायला लागला. डेल्बर्ट मान उंचावून त्यांच्या पलीकडे बघायला लागला आणि शेवटी वैतागून ओरडला, "हात खाली घ्या रे! मला काही दिसत नाहीये!"

मी डोळे मिटले. ज्या बाई हात मोजायला आल्या होत्या, त्यांच्यासमोर हा माणूस पोरांना हात खाली घ्यायला सांगत होता. संपलं, मी म्हटलं. गेलं प्रमाणपत्र, आला पेंडीचा वास.

डोळे उघडले तेव्हा हात खाली आले होते. एक सोडून.

मागे खिडकीपाशी ओडालिसचा हात तसाच वर होता. स्वेटरची बाही कोपरापर्यंत घसरली होती. सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघत होता. डेल्बर्टही तिच्याकडेच बघत होता, पण हाताकडे नाही. त्याची नजर तिच्या मनगटावर, बाहीवर कुठेतरी तिची खूण शोधत होती. "उणे तीन, उणे दोन," तो पुटपुटला आणि वाट बघत राहिला.

"सर!" ब्रॅक्स्टन किंचाळला. "हात! सर, तिचा हात! हात बघा की हो!"

डेल्बर्टची पट्टी हवेतच थांबली. मग तो हळूच म्हणाला, "बोल, बाळ."

"मला नाही कळलं, सर." आवाज बारीक होता पण स्पष्ट होता. "मघापासून नाही कळलंय. दोन्ही उणे आहेत, मग उत्तर अधिक कुठून येतं?"

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर ब्रॅक्स्टनने तिथेच गळा धरला असता.

डेल्बर्टने पट्टी ठेवून दिली आणि साध्या आवाजात बोलायला लागला. "समज, गोठ्यातून रोज तीन गाई विकल्या जातात. म्हणजे रोजचे किती?"

"उणे तीन."

"आता पुढे नको, मागे जा. दोन दिवस मागे. मागे म्हणजे?"

"उणे दोन." ती थांबली. तिचा हात अजून वरच होता, खाली घ्यायला विसरली होती. "दोन दिवसांपूर्वी... गोठ्यात गाई जास्त होत्या. आजच्यापेक्षा सहा जास्त! अधिक सहा! मागे वळून बघितलं म्हणून!"

"दिला!" डेल्बर्ट गरजला. "एकवार, दोनवार, तीनवार, दिला!" आणि वर्गाने बाकं बडवली. मीही बडवलं. मिसेस स्टोव्हॉल यांचा टॅब्लेट मांडीवरून घसरला.

गोंधळ शांत झाला तेव्हा ओडालिस उभी होती. तोंड आमच्याकडे. "मॅडम, आम्ही हात वर करत नाही, कारण आम्हाला लागत नाही. सरांना तसंच कळतं. प्रत्येकाची खूण आहे. माझी ही आहे." तिने डावी बाही ओढून मूठ झाकून घेतली. "म्हणजे कळलं नाही. मागच्या वेळी तुम्ही आला होता ना, तेव्हा मी चारदा केली होती आणि सर चारदा थांबले होते. बाकीच्यांच्या खुणा मला माहीत नाहीत. सरांनी माझीही कुणाला सांगितली नसती. ती माझी आहे म्हणून मी सांगतेय."

एवढं बोलून ती मटकन खाली बसली. मी रुमाल शोधायला लागले.

मिसेस स्टोव्हॉल यांनी टॅब्लेट उचलला, पण उघडला नाही. उरलेला सगळा तास त्या पुढे वाकून नुसत्या पोरांकडे बघत होत्या. एकदा मला कोपराने ढोसून कुजबुजल्या, "तो तिसरा, टाच उचलणारा! त्याला येतंय, हो ना?" म्हातारीला गंमत यायला लागली होती.

मग पुन्हा गार्सांची खोली, पुन्हा आम्ही चौघं. मिसेस स्टोव्हॉल यांनी विचारलं, "हिवाळ्यात का नाही सांगितलंत?"

"माझ्या नव्हत्या त्या, मॅडम. दुसऱ्याचा माल मी कसा देऊ?"

त्या पुढ्यातल्या कागदाकडे बघत बसल्या. गार्सा कॉफीचा कप धरून बसले होते, पीत नव्हते. डेल्बर्टच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि त्याचे डोळे बाईंवर खिळले होते. मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

आणि एकदम डेल्बर्टने टेबलावर थाड्‌कन पंजा मारला. "एकवार, दोनवार, तीनवार! दिला!"

गार्सांची कॉफी उडाली. मी किंचाळले. मिसेस स्टोव्हॉल खुर्चीत मागे सरकल्या. "मिस्टर कुबेना! मी अजून एक शब्दही बोललेले नाही!"

"नाही, मॅडम," डेल्बर्ट म्हणाला. तो स्वतःच घाबरला होता, पण मागे हटेना. "पण बोली लावलीत."

"मी? काय केलं मी?"

"ते मी नाही सांगणार."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. कॉलरपासून कानापर्यंत लाल होत गेल्या आणि मग इतक्या जोरात हसल्या की बाहेरून ब्रॅक्स्टनच्या मावशीने दार उघडून आत डोकावलं. हसता हसताच त्यांनी सही केली. गार्सांनी कॉफी पुसून त्याखाली आपली केली. मी डेल्बर्टच्या पाठीत एक रट्टा घातला, मग त्याला मिठी मारली, मग 'मागच्या दारातला' असं म्हटलं, सवयीने.

आम्ही दोघं अक्षरशः धावत वर्गाकडे गेलो. शाळा सुटली होती, पोरं पांगली होती, पण दाराशी ओडालिस दप्तर छातीशी धरून उभी होती. डेल्बर्टचं तोंड बघूनच तिला कळलं. ती हसली, आणि लगेच गंभीर झाली.

"सर, माझी खूण आता सगळ्यांना कळली. ती वाया गेली. मला नवी पाहिजे."

"अर्थात! आत ये." त्याने दार उघडलं. मीही उत्सुकतेने आत पाय टाकला. तसा हा वळला आणि त्याने मला दारातच अडवलं.

"चेलो, बाहेर."

"काय? अरे, मी तुझी मार्गदर्शक आहे!"

"असशील. सौदा दोघांतच होतो. बाहेर थांब. तिथे नळापाशी."

आणि माझ्या तोंडावर दार लागलं. त्या कॉरिडॉरमध्ये, जिथे बाई त्याला उभं करायच्या अगदी तिथेच, सरळ वाटेने आलेली मी पाण्याच्या नळापाशी उभी राहिले आणि निर्लज्जासारखा कान लावला. डेल्बर्टचा आवाज येत नव्हता. बराच वेळ आला नाही. आत तो गप्प बसला होता आणि ओडालिस बोलत होती.